वीतकाकू आणि वाढतं कपाट

वीतकाकू कुणाच्याही घरी आल्या की आधी बसत नसत, आधी मोजत. अंगठा आणि करंगळी फाकवून उंबऱ्यापासूनच सुरुवात. पाट, फडताळ, पिठाचा डबा, काही म्हणून सुटायचं नाही. माझी थोरली लेक महिन्याची झाली तेव्हा तिलाही त्यांनी डोक्यापासून टाचेपर्यंत विती घालून मोजलं. "अडीच विती आणि दोन बोटं. मानवतंय हो दूध!" असा निकाल दिला आणि मग चहा मागितला.

पनवेलच्या आमच्या आळीत त्यांचं खरं राज्य दिवाळीआधीचे पंधरा दिवस. घरोघर कपाटं रिकामी व्हायची, फळ्या पुसल्या जायच्या आणि फळ्यांवर, टेबलाच्या खणांत नवे कागद घातले जायचे. कागद म्हणजे वर्षभराची साठवलेली वर्तमानपत्रं. ती मापात कापायची आणि पुढच्या कडेला कातरून झालर काढायची, हे काम काकूंचं. त्यांना टेप नजरेसमोर नको असायची. "ती शिंप्याची फीत. लोकांच्या पोटांवरून फिरून आलेली. माझ्या लोणच्याच्या फळीवर कशाला?"

आळीतल्या झाडून सगळ्या कपाटांची मापं त्यांना तोंडपाठ. आमचं कपाट पाच विती, जोश्यांचं साडेचार. घरी बसून कागद कापून आणायच्या आणि फळीवर पसरायच्या. इकडे केसभर कमी नाही, तिकडे केसभर जास्त नाही. कुठला कागद कुठे, याचेही कायदे होते. निधनवार्ता मसाल्याच्या खणात घालायच्या नाहीत, जेवण बाधतं. सिनेमाच्या जाहिराती देवाच्या सामानाखाली नकोत, आणि पुरुषांच्या कपड्यांखाली तर मुळीच नकोत.

जुना कागद काढताना मात्र त्या तो सगळा वाचून काढत. "अगंबाई, हे गेले?" "काकू, तो मागच्या दिवाळीचा कागद आहे." "मग मला कुणी सांगितलं कसं नाही?" एकदा खालच्या खणात बदलायच्या राहून गेलेल्या तीन वर्षांपूर्वीच्या कागदावर कुणा लांबच्या नातलगाची बातमी सापडली, तर आमचं कपाट तसंच उघडं टाकून बाई घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करून आल्या!

हसायचो आम्ही. पण खरं सांगते, काका लवकर गेलेले, मूलबाळ नाही. एरवी त्यांच्या दारी कोण जात होतं? त्या पंधरा दिवसांत मात्र घराघरातून बोलावणं यायचं, काकूंशिवाय आमचं कपाट लागत नाही म्हणून. तेवढ्या एका वाक्यावर त्या उरलेलं वर्ष काढत.

आणि एका वर्षी आमचा कागद कमी पडला. थोडाथोडका नाही, चांगली चार बोटं फळी उघडी! काकूंनी विती घातल्या, पुन्हा घातल्या. पाच विती भरून वर चार बोटं उरली. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कुसुम, तुमचं कपाट वाढलंय."

मी खो खो हसले. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जोश्यांचं कपाट वाढलेलं निघालं, तिसऱ्या दिवशी वैद्यांच्या टेबलाचे खण. स्वयंपाकघरात सासूबाई हळूच मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी टेप आणूया बाई. काकूंना आता नाही होत." तेव्हा कुठे मी काकूंच्या हाताकडे नीट पाहिलं. सांधे सुजलेले, करंगळी आत वळलेली. वीत पूर्वीसारखी उघडतच नव्हती. आमच्याकडे टेप आली की जोश्यांकडे येणार, वैद्यांकडे येणार, आणि काकूंना कुणी बोलावणार नाही.

काकूंनी भलताच उपाय काढला. ज्याने कपाट केलं होतं त्या धोंडू सुताराला खाडीपलीकडच्या त्याच्या गावाहून बोलावून आणलं. "धोंडू, याला चार बोटं रंधा मार."

"काकू, लाकूड मेलेलं हाय. मेलेलं कसं वाढंल?" म्हणत त्याने खिशातून घडीची पट्टी काढली, फळीवर लावली, आकडा पाहिला आणि तोंड उघडलं. काकू पट्टीवर वाकल्या. मी त्यांच्या मागे उभी राहून एकदा त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं, एकदा हात जोडले. धोंडूने फळीवर टेकलेली ती वाकडी बोटं बराच वेळ पाहिली. मग पट्टीची घडी घातली.

"हाय खरं, काकू. वाढलंय. खाडीची हवा लागली त्याला. आता रंधा मारून नाय ऐकायचं ते."

"बघ! मी म्हणत नव्हते?" काकू माझ्यावर डाफरल्या. आणि आमच्या सासूबाई, ज्या कुणाच्या आमटीतल्या मिठाबद्दलही कधी खोटं बोलल्या नाहीत, त्या दारातून म्हणाल्या, "मलाही दोन दिवस वाटतच होतं हो. दार जरा जड लागतंय."

झालं! तेव्हापासून काकू पाठ मापांवर विसंबेनाशा झाल्या. दर दिवाळीला येऊन नव्याने मोजत, आमच्याच ओटीवर बसून कापत, आणि कागद बिनचूक बसे. कपाट दरवर्षी बोट-अर्धं बोट वाढे. "यंदा एकच बोट. पाऊस कमी ना!" अशी चर्चा आम्ही इतक्या गंभीरपणे करायचो की पुण्याहून आलेला माझा भाऊ दोन दिवस राहायचा तो संध्याकाळच्याच एस.टी.ने परत गेला.

शेवटच्या दिवाळीला काकूंनी मोजता मोजता माझा हात ओढला आणि आपल्या पंजाला लावला. माझी वीत चांगली दोन बोटं मोठी! मी गारच पडले. त्या दोन्ही हातांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई, तुझा हातही फुगला की गं! खाडीची हवा!" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. माझ्या डोळ्यांतलं पाणी मात्र नुसत्या हसण्याचं नव्हतं. पुढच्या दिवाळीला काकू नव्हत्या.

ते कपाट आता नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये आहे. कागद मीच घालते, वीत घालूनच. माझ्या हाताने ते कायम पावणेपाच विती भरत आलेलं. गेल्या दिवाळीला कापून ठेवलेला कागद पसरला, तर तीन बोटं कमी. पुन्हा मोजलं, तरी तेच. सून शेजारी टेप घेऊन उभी होती. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मी काकूंची गोष्ट तिला कधी सांगितलेली नाही. तिने टेप हळूच खणात टाकली आणि खण लावून घेतला.

"आई, हे कपाट वाढलंय बहुतेक."

"इथे कुठली गं खाडीची हवा?"

ती गोंधळली. मग म्हणाली, "एसीची लागली असेल."

मी म्हटलं, "असेल असेल. कात्री आण."