घरी विचारून सांगते

माझी धाकटी बहीण जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात चार वर्षं परिचारिका होती, त्यातली दोन अतिदक्षता विभागात. जर्मनीतल्या एका रुग्णालयात एका एजन्सीमार्फत जागा निघाली होती. भाषेची परीक्षा ती पास झाली होती. मुलाखत तेवढी उरली होती. तिची तयारी मी करून घेतली. अकरा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या दुरुस्त करण्यात काढल्यावर आमची आवृत्ती बंद झाली आणि मी घरी होतो. ती शिकत असताना शेजारी बसून मीही जर्मन शिकलो होतो.

जर्मनच्या क्लासचं पुस्तक तिथल्या रीतींच्या गोष्टींचं होतं. कचऱ्याचे वेगवेगळे डबे, रविवारची शांतता, चारला बोलावलं की चारलाच जाणं. एका गोष्टीत शेजारीण पाहुणीला विचारते, आणखी केक देऊ का? पाहुणी नको म्हणते आणि शेजारीण केक उचलून आत नेते. बहिणीने ही गोष्ट आईला सांगितली.

“दुसऱ्यांदा विचारलंच न्हाई?” आई म्हणाली. “उपाशी उठवलं की बाईला.”

“तिनं नको म्हणलं ना पण.”

“पहिल्यांदा सगळेच नको म्हणतेत. त्यात काय एवढं!”

आम्ही तिघं हसलो. धडा तेवढ्यावर संपला.

मुलाखतीच्या सरावात मी प्रश्न विचारायचो. एकदा विचारलं, आमच्याकडे तीन वर्षं काम कराल का? ती लगेच हो म्हणाली. मला ते उतावळं वाटलं.

“एवढ्या मोठ्या गोष्टीला कुणी पट्‌कन हो म्हणतं का? घरी विचारून सांगते म्हण.”

“घरचे तर कवाच हो म्हणलेत, दादा.”

“तरी म्हणायचं. बराबर दिसतं.”

आमच्या राजूरकडच्या घरांत वळणाची मुलगी होकार असाच देते. मी ते वाक्य नीट, नम्र जर्मनमध्ये लिहून दिलं आणि तिच्याकडून पाठ करून घेतलं.

मुलाखत दुपारी झाली, बाहेरच्या खोलीत, लॅपटॉपवर. वडील इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यात येणार नाहीत असे भिंतीशी बसले होते. पडद्यावर दोन बायका होत्या. बहीण उत्तम बोलली. शेवटी त्यातल्या वयस्कर बाईंनी विचारलं, आमच्याकडे याल का? बहिणीने माझं वाक्य म्हटलं. बाई थांबल्या. म्हणाल्या, ते ठीक, पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं? बहिणीने लॅपटॉपमागे बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. तेच म्हण, अशी मी मान हलवली. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

नवव्या दिवशी एजन्सीचा ईमेल आला. भाषा चांगली. मात्र उमेदवार स्वतःचे निर्णय स्वतः घेत नाही असं दिसलं. वॉर्डात एकटीने निर्णय घ्यावे लागतात. नकार.

वडिलांना मी तो मराठीत वाचून दाखवला. ते म्हणाले, “घरी विचारते म्हणली, तर विचारायचं ना त्यायनं. मी तिथंच बसल्तो.”

बहीण दवाखान्यातून आल्यावर तिने तो स्वतः वाचला. मग मला म्हणाली, “पेपरात बी तू हेच करायचास ना? बोलणारा काही बी बोलू दे, वाक्य तुझंच छापायचं.”

तिचं म्हणणं चूक नव्हतं. लोकांची विधानं सरळ करणं हेच माझं काम होतं, आणि त्याबद्दल एकाही माणसाने कधी तक्रार केली नव्हती.

त्यानंतर ती गच्चीवर बसून अभ्यास करू लागली. दुसरी मुलाखत कधी होती हे मला कळलं नाही. त्या दिवशी तिने आईला आणि मला एका लग्नाला भोकरदनला पाठवलं होतं. निकाल तिने आईला सांगितला, आईने मला. निवड झाली होती, पण परिचारिका म्हणून नाही. एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून. पगार कमी, करार तीन वर्षांचा. पहिली जागा गेल्यावर एजन्सीकडे तेवढंच उरलं होतं.

“प्रश्न पुरा व्हायच्या आतच हो म्हणली म्हणे,” आई म्हणाली.

कराराची प्रत टेबलावर होती. मी ती वाचली. आंघोळ घालणं, भरवणं, चादरी बदलणं. औषध देणं किंवा इंजेक्शन यांचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता. मी तिला गच्चीवर जाऊन विचारलं, हे नीट वाचलंस का.

“वाचलं,” ती म्हणाली. “सही करून पाठवलं बी.”