तीन डोंगरांचा उस्ताद

बाभुळगावच्या बसस्टँडमागे भीमराजचं दुकान आहे. फवारणीचे पंप, शेगड्या, कूलर, जे बंद पडेल ते तिथं येतं आणि बहुतेकदा चालू होऊन जातं. हा धंदा तो जब्बार मिस्त्रींच्या हाताखाली शिकला. मिस्त्रींचा दंडक होता: दुरुस्त केलेल्या वस्तूत आतल्या बाजूला आपली खूण ठोकायची, आणि दुसऱ्याची खूण दिसली की आधी त्याला मान द्यायचा, मग पाना लावायचा.

त्यामुळे झालं काय, चिनी मालावर तीन डोंगरांचा ठसा दिसू लागला तेव्हा भीमराजनं बेधडक ठरवून टाकलं, हा तिकडचा कोणी उस्ताद आहे. पंपाच्या मोटारीवर डोंगर, इंडक्शन शेगडीच्या पंख्यावर डोंगर, सौर दिव्यातही डोंगर. "बाप्पा, किती काम करते हा माणूस! झोपते कवा?" असं तो कौतुकानं सांगायचा. गिऱ्हाईकं हसायची. हा मात्र वस्तू उघडण्याआधी हात जोडायचा, "जयभीम, उस्ताद."

त्याच्या बायकोची, नलूची, उमेदीची वर्षं जिनिंग कारखान्यात कापसाच्या धुळीत गेली होती. फुफ्फुसांनी हात टेकले होते. हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र खाटेशी घरघरायचं, त्यावरच तिचा श्वास. उन्हाळ्यातल्या एका दुपारी ते बंद पडलं. दवाखान्यातून छोटा सिलिंडर आणला, पण तो जेमतेम संध्याकाळपर्यंतच पुरणार होता. एजन्सीवाला फोनवर म्हणाला, "परवा येतो." भीमराजनं यंत्र पुढ्यात ओढलं.

झाकण काढलं तर जळका वास. थंडावा देणारा पंखा जाम झाला होता, म्हणून यंत्र तापून आपोआप बंद पडत होतं. आणि त्या पंख्यावर तीन डोंगर होते.

"उस्ताद," तो रडवेला होऊन म्हणाला, "तू इथंबी हायेस?"

दुकानात पळत जाऊन त्यानं भंगारातल्या शेगडीचा तीन डोंगरांचाच पंखा काढून आणला. व्होल्ट जुळले, भोकावर भोक बसलं, जणू माप घेऊनच केला होता. यंत्र घरघरलं. मुलीनं, उर्वशीनं, नळी आईच्या नाकाला लावली. भीमराज खाटेशी बसून लहान पोरासारखा रडला.

उर्वशी यवतमाळला कॉलेजात शिकते. तिनं मोबाईलवर ती खूण शोधली. "बाबा, हा माणूस नाही, कंपनी हाये. एकाच घराण्याची. मोटारी, सिमेंट, खत, औषधं, सगळं बनवते. जहाजंबी."

"जहाजंबी?" भीमराजचा आ वासलेलाच राहिला. पडद्यावर कारखाना दिसत होता. अख्खं बाभुळगाव मावेल एवढं छप्पर, आणि त्याखाली नजर पोचेल तिथवर निळ्या कपड्यांतल्या बाया पंखे जुळवत होत्या.

"एवढ्या हातांतून कोणाचा पंखा आला असंन आपल्या घरी?" तो हळूच म्हणाला. "आता उपकार मानू तं कोणाचे? मालकाचे, का या बायायचे?"

दुपारपासून नलूच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता. ती खाटेवरून म्हणाली, "बुद्धवंदना झाल्यावर आपण सगळ्यायचं मंगल मागतो ना? तेच मागा. त्यात मालकबी येते, बायाबी येतात, कोणीच सुटत नाही."

भीमराजनं हात जोडले. नलू श्वासासाठी मधे कुठंही न थांबता एवढं बोलली होती.