चाचांनी न बांधलेला ट्रक

चाचा सकाळी गोदामात यायचे ते रागावूनच. कोणावर, ते नंतर ठरायचं. मार्केट यार्डाच्या मागे आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं गोदाम होतं. नोकरी बदलून पुणं सोडणारे लोक त्यांच्या मोटरसायकली आमच्याकडे द्यायचे आणि त्या ट्रकमध्ये बांधायचं काम चाचांचं. साठी उलटलेला काटक माणूस. तीन पिढ्या घोरपडे पेठेत गेलेल्या. मी अकोल्याहून नुकतीच आलेली कारकून. पहिल्याच दिवशी पावतीवर मी ‘गाडी चढवली’ असं लिहिलं, तर म्हणाले, “ताई, चढवतात नवरदेवाला. गाडी बांधतात. नीट लिहा.”

गाडी स्टँडवर ठेवून बांधलेली त्यांना खपत नसे. खड्ड्यात आदळून स्टँड सुटतो. पुढचं चाक ट्रकच्या भिंतीला टेकवायचं, हँडलखाली दोन्ही बाजूंनी पट्टे लावायचे आणि पुढचे शॉकॲब्सॉर्बर निम्मे दबेपर्यंत खेचायचे. मागे आणखी दोन पट्टे. मग सीटला धरून ते गाडी गदागदा हलवत. गाडीबरोबर अख्खा ट्रक डोलला तरच बांधणी पास. एका आयटीवाल्याने त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवून वेगळं काही सुचवलं. चाचांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाइल परत देत म्हणाले, “मग व्हिडिओतूनच पाठवा.”

एकदा एक बाई अपघातात गेलेल्या मुलाची गाडी गावी पाठवायला आल्या. टाकी भरलेली होती. चाचा त्यांच्यावरही कडाडले, पेट्रोल काढून आणल्याशिवाय गाडी घेणार नाही म्हणाले. बाई रडू लागल्या. तेव्हा चाचांनी स्वतः नळी लावून टाकी रिकामी केली. त्या गाडीला त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पट्ट्याने रंग खरवडू नये म्हणून गळ्यातला मफलर काढून घडी करून खाली घातला. तो मफलर गाडीबरोबर गेला तो गेलाच.

दिवाळीच्या तोंडावर मालकांनी एका ट्रकमध्ये चार गाड्या जास्त घालायला सांगितल्या. पट्टे पुरेनात. मालक म्हणाले, सुतळी वापरा. चाचांनी नकार दिला. मालक सगळ्यांसमोर त्यांना ‘म्हातारा’ म्हणाले. चाचांनी हातातला पट्टा खाली ठेवला आणि ते घरी निघून गेले. बाकीच्यांनी गाड्या सुतळीने आवळल्या. दुसऱ्या दिवशी हुबळीत ट्रकचं दार उघडताच एक गाडी हमालाच्या अंगावर कोसळली. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून विमा कंपनीसाठी एक कागद लिहायला लावला : बांधणी नेहमीच्या माणसाने केली, चूक त्याची. मी लिहिला. नोकरीला जेमतेम सहा महिने झाले होते, घरी धाकटी बहीण शिकत होती, वगैरे. ही कारणं आज लिहितानाही मला माझी चीड येते. ट्रक कोणी बांधला हे गोदामातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येक जण त्या दिवशी आपापल्या डब्यात तोंड घालून जेवला.

चाचांना काढून टाकलं. जाताना त्यांनी तो कागद मागितला, चष्मा लावून सावकाश वाचला. एरवी एवढ्या-तेवढ्यावरून फटकारणारा माणूस माझ्यावर ओरडला नाही. म्हणाले, “अक्षर छान आहे तुमचं.”

आठ दिवस मला जेवण गेलं नाही. मग मी दुसरा कागद लिहिला, खरा. एक प्रत विमा कंपनीच्या माणसाला दिली, एक हुबळीच्या हमालाला पाठवली. त्याच संध्याकाळी माझी नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी मी घोरपडे पेठेत गेले. चाचांनी मला घरात नेलं नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पाजला. मी माफी मागितली.

“तुमच्यावर राग होता, तो गेला,” ते म्हणाले. “माझ्यावरचा जात नाही. दरवाजातून मागे वळून पाहिलं होतं मी. ते सुतळी बांधत होते. ट्रकसमोर आडवं पडायला हवं होतं. मी अपमान घेऊन घरी गेलो, आणि पाय त्याचा मोडला.”

पुढच्या उन्हाळ्यात चाचा हृदयविकाराने गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तर मालक आधीच तिथे बसलेले. चाचांच्या मुलाचा हात हातात घेऊन सांगत होते की सोन्यासारखा माणूस होता, आम्ही त्यांना घरातलंच मानायचो. माझं डोकं फिरलं.

“साहेब, घरातल्या माणसाविरुद्ध खोटा कागद लिहून घेतलात, तेही सांगा,” मी म्हणाले.

मालक म्हणाले, ही वेळ नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून चाची दारात आल्या.

“कसला कागद?” त्यांनी विचारलं. “त्यांनी तर सांगितलं होतं, आता हात थकले म्हणून काम सोडलं.”

मी चाचींना खाली बसवलं, शेजारी बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझ्या वाट्याचंही. मालक उठायला लागले. मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “बसा. ऐकून जा.”