कागदात मावलेलं घर

घराच्या नकाशाबद्दल मी लिहावं हे धाडसच आहे, वाचकांनी माफ करावं. आमच्यात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, म्हणून बोरी बुद्रुकच्या काकांनी नव्या घराचा नकाशा माझ्याकडून कॉम्प्युटरवर काढून घेतला. दुसऱ्या दिवशी जागेवर चुन्याने आखणी होणार होती.

नारायणगावच्या प्रिंटच्या दुकानात एक म्हातारे गवंडी बसले होते. त्यांनी न विचारताच माझा कागद मांडीवर घेतला, टेप लावली आणि अंगठ्याच्या नखाने खूण केली.

"भाऊ, खोली लिवलीय बारा फूट, इंचाला चार फूट धरलं तर भरतीया नऊ. पलंग टाकला की पावण्यानं काय उभ्यानं झोपायचं?"

"कॉम्प्युटर चुकत नाही," मी म्हणालो.

"त्यो नसंल चुकत. पर आमी आकडं वाचीत न्हाई, टेपच लावतो, राव. गाव कोणतं तुमचं?"

मी गाव सांगितलं आणि स्क्रीनकडे वळलो. 'फिट टू पेपर'ची खूण तशीच राहिली होती, त्यामुळे नकाशा कागदात मावण्यापुरता आकसला होता. खूण काढून, प्रमाण टाकून मी नवी प्रिंट काढली. पुढे दोन वर्षं ज्युनियर मुलांना हा उपाय ऐटीत शिकवला.

मग एका दिवाळीला काका म्हणाले, "तुझ्या कागदावरनं आखलं तर घर आखूड भरलं. तेवढ्यात जीपमधनं एक म्हातारा गवंडी उतरला. म्हणला, पोरगं गडबडीत जुनाच कागद घेऊन गेलं. नवा त्यानंच आणला व्हता. तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई."