पाहुण्यांदेखत केलेलं काम

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या अलीकडचं, आणि सासर येडगावचं. तिथल्या धरणाच्या पाण्यापासून आमचं शेत फार लांब नाही. ऊस, कांदा, गोठ्यात गाई. नव्वदच्या दशकात लग्न होऊन इथं आले, तेव्हा पुण्याची माणसं मुद्दाम गाडी करून आमचं शेत बघायला येतील असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही सगळेच हसलो असतो. पण पुढं दहा-बारा वर्षांनी तसंच झालं. माझ्या नवऱ्यानं कुठल्याशा शिबिरात कृषी पर्यटनाबद्दल ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं, "आपण आपलं रोजचं काम लोकांना दाखवायचं. ते सकाळी येतील, बघतील, जेवतील आणि संध्याकाळी परत जातील."

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. मामा तेव्हा गव्हाणीत वैरण टाकत होते. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"काम काय बघायची गोष्ट हाय का?" ते म्हणाले. "बघायचं आसंल तर नारायणगावला जा म्हणावं. तितं तमाशावाल्यांच्या राहुट्या पडल्यात. सुपारी द्या आन बघा. ती मान्सं त्यासाठी तयार झाल्यात. शेण काढणाऱ्या मान्साकडं काय बघायचं?"

"दादा, शहरातल्या पोरांनी शेणसुद्धा बघितलेलं नसतं," नवरा वडिलांना म्हणाला.

"मंग त्यांचं नशीब चांगलं म्हण की," असं म्हणून मामांनी पेंढी पुन्हा उचलली.

तरीही नवऱ्यानं सोडलं नाही. आंब्याच्या झाडाखाली बाकडी केली, रस्त्याला पाटी लावली. पण नुसतं शेत दाखवून लोक खूश होणार नाहीत, काहीतरी खास हवं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून त्यानं जुन्या विहिरीवर मोट उभी केली. मोटा बंद पडून तोवर कितीतरी वर्षं झाली होती. गंजलेली पत्र्याची मोट माळ्यावरून खाली काढली, तिला डाग दिले, नवा नाडा आणला. मामा लांबून बघत म्हणाले, "हिरीवर पाच हार्सपावरची मोटर हाय. बटान दाबलं की पानी येतंय. आन तू बैलं जुपून कुनाला फसवतूस?"

मला मात्र वेगळीच काळजी होती. स्वयंपाक मी आणि आत्यांनी करायचा होता, तोही लोकांसमोर, उघड्यावर चुली मांडून. आमच्या भागात पाहुणा आला की मासवडी करतात. बेसन शिजवून ते ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ, खोबरं, कांदा, लसणाचं सारण भरायचं आणि फडक्यासकट गुंडाळून माशासारखी लांबट वडी वळायची. आत्यांच्या हातची मासवडी म्हणजे गावात नाव होतं. पण आजवर त्यांच्याकडं मासवडी करताना कुणी टक लावून बघितलं नव्हतं.

पहिली गाडी आली ती पुण्याच्या एका सोसायटीची. थंडी नुकतीच संपत आली होती. बायका, म्हातारी माणसं, पोरं, सगळी उतरली. त्यांत एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, गळ्यात व्हिडिओ कॅमेरा अडकवलेला, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको. ती फार बोलत नव्हती, पण सगळीकडं डोळे मोठे करून बघत होती.

आधी मोट. नवऱ्यानं शेजारच्या वाडीतून बैल आणले होते. नांगराला, गाडीला ते चांगलेच होते. पण मोटेचा बैल उतारावरून पुढं जाताना पाणी ओढतो आणि मग उलट्या पावलानं मागं येतो, तेव्हा मोट पुन्हा विहिरीत उतरते. या बैलांना जन्मात कुणी मागं चालायला शिकवलं नव्हतं. एकदा कसेबसे पुढं गेले, थोडं पाणी विहिरीकाठच्या थारोळ्यात पडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून बैल बुजले आणि तिथंच उभे राहिले. नवऱ्यानं ओढलं, चुचकारलं, शिव्या जिभेवर आल्या त्या गिळल्या. पोरं कंटाळून बांधावर पळाली. मामा कुठं दिसत नव्हते. ते सकाळीच कांद्याच्या वावरात निघून गेले होते.

मग चूल. आत्या चुलीपुढं बसल्या आणि समोर माणसांची रांग पाहून त्यांचे हात थांबले. पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आणि त्यांनी पाट उचलला, चुलीच्या पलीकडं गेल्या आणि लोकांकडं पाठ करून बसल्या. त्यानंतर मासवड्या भराभर वळल्या गेल्या, पण पाहुण्यांना दिसला तो फक्त आत्यांचा अंबाडा.

"त्यांना राग आला का आमचा?" बँकवाल्यांच्या बायकोनं मला हळूच विचारलं.

"नाही हो, लाजल्यात," मी म्हणाले. पण मला वाटत होतं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. ही माणसं परत जाऊन काय सांगतील? एक अडलेली मोट आणि एक पाठमोरी बाई बघायला गेलो होतो म्हणून?

जेवणं होत आली होती तेवढ्यात गोठ्यातून हंबरण्याचा आवाज आला. आमच्याकडं एक पहिलारू कालवड होती. तिची आई ती लहान असतानाच साप चावून गेली होती, आणि आत्यांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. तिचे दिवस भरायला अजून आठवडा होता. मी धावत गेले तर ती खाली बसली होती, पाण्याची पिशवी फुटलेली, आणि बाहेर वासराचं नाक आणि एकच खूर.

दोन खूर आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं म्हणजे वासरू नीट येतंय, एवढं मला ठाऊक होतं. एक खूर म्हणजे दुसरा पाय आत दुमडलेला. नवऱ्यानं गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते आळे गावाकडं दुसऱ्या कुणाच्या गाईला गेले होते, लवकर येण्यासारखे नव्हते. नवरा मोटरसायकल काढून त्यांना आणायला निघाला आणि मी कांद्याच्या वावराकडं हाका मारत सुटले.

मामा पळत आले. त्यांनी कालवडीकडं एकदा पाहिलं, सदरा काढला आणि म्हणाले, "साबण आन. तेल आन. आन ती सुताची दोरी, नवी, उकळत्या पाण्यातनं काढून."

तोवर सगळे पाहुणे गोठ्याच्या तोंडाशी जमले होते. मी त्यांना मागं सारणार होते, पण मामांना ते दिसतच नव्हते. त्यांनी हात कोपरापर्यंत धुतला, तेल चोपडलं आणि गाईजवळ बसून तिच्या पाठीवर थाप मारत बोलायला लागले. "हां माय. हां. घाबरू नगं. मी हाय." कळ ओसरली तसा त्यांनी हात आत घातला. वासराचं डोकं हळूच मागं सारलं, दुमडलेला पाय शोधला. गाईची गर्भपिशवी फाटू नये म्हणून खूर आपल्या तळहातात झाकून घेतला आणि कण्हत, डोळे मिटून, तो पाय पुढं आणला. कपाळावरचा घाम नाकावरून टपकत होता.

दुसरा खूर बाहेर दिसला तेव्हा आत्या माझा दंड धरून उभ्या होत्या, इतका घट्ट की वळ उठले.

मामांनी दोन्ही पायांना दोरी बांधली आणि मान वर न करता ओरडले, "ओ पावणं, कुनीतरी धरा हिकडं!"

बँकवाल्यांनी कॅमेरा बायकोच्या हातात दिला आणि ते पुढं झाले. आणखी एक तरुण आला.

"मी सांगन तवाच वढायचं. कळ आली की वढायचं, कळ गेली की थांबायचं. आन खालच्या अंगाला वढा, तिच्या पायाकडं, सरळ न्हाई. कळलं?"

"कळलं," बँकवाले म्हणाले आणि त्यांनी दोरी हाताला गुंडाळली.

"आली. वढा! ... बास. थांबा. दम घेऊ द्या तिला."

पुन्हा कळ आली. पुन्हा ओढलं, पुन्हा थांबलं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की दारातली सगळी माणसं त्या तालावर श्वास घेताहेत. मामा 'वढा' म्हणाले की बायकांच्या मुठी आवळायच्या आणि 'बास' म्हणाले की सगळ्यांचे खांदे एकदम खाली यायचे. एक लहान मुलगी आईच्या पदराआडून बघत पुटपुटत होती, "आली, आली."

शेवटी वासराचे खांदे सुटले आणि ते सळकन बाहेर पडलं. पण ते हललं नाही. निपचित, ओलं, जीभ बाहेर आलेली.

आत्यांनी तोंडावर पदर घेतला. मामांनी बोटांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला. "पाय धरा मागले, उलटं करा!" बँकवाल्यांनी आणि त्या तरुणानं वासराला मागच्या पायांनी उचलून धरलं, नाकातून पाणी गळालं. खाली ठेवल्यावर मामा गोणपाटानं त्याची छाती चोळू लागले. मग गवताची एक काडी घेऊन त्याच्या नाकात घातली. काही नाही. पुन्हा घातली.

वासरू शिंकलं.

ती शिंक केवढीशी होती. पण त्या गोठ्यात तेव्हा जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांच्या तोंडून एकदम 'हा' असा सुस्कारा बाहेर पडला, आणि मग लोक हसायला लागले, काही रडायला लागले. बँकवाले जमिनीवरच बसले, शेणात, त्यांच्या पांढऱ्या पँटसकट. त्यांच्या बायकोनं कॅमेरा सुरूच केला नव्हता. ती म्हणाली, "मी विसरलेच हो," आणि दोघंही हसत सुटले.

"पाडी हाय," मामा म्हणाले. त्यांनी तिला गाईच्या तोंडाशी नेऊन ठेवली. गाईनं हुंगलं आणि चाटायला सुरुवात केली. तेव्हा कुठं मामांनी मान वर केली आणि दारात उभी असलेली ती सगळी गर्दी पाहिली. एकदम लाजून त्यांनी सदरा शोधायला सुरुवात केली.

"आजोबा," ती लहान मुलगी म्हणाली, "आता ती उभी कधी राहणार?"

मामा थबकले. मग म्हणाले, "राहील की. बस, बघू आपुन."

आणि ती सगळी माणसं गोठ्याच्या कडेनं बसली. पाडी उठायची, पाय फाकायचे, पडायची. मामा सांगत होते की वासरू आधी मागचं अंग उचलतं, हात लावायचा नाही, तिचं तिला जमलं पाहिजे. ज्या माणसानं सकाळपासून पाहुण्यांकडं ढुंकून पाहिलं नव्हतं तो आता बोलायचा थांबत नव्हता. आत्यांनी गाईच्या आचळाला हात घातला, चिकाची पिवळी धार बादलीत वाजली. या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही. मला वाटतं, लोक बघताहेत हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

नवरा डॉक्टरांना घेऊन आला तोवर पाडी उभी राहून दूध पीत होती. डॉक्टरांनी गाय तपासली, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "माझं काम तुम्हीच करून बसलात, राव."

गाडी निघताना बँकवाल्यांनी मामांचे दोन्ही हात धरले. "एवढं जिवंत मी आयुष्यात काही बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "पुन्यांदा या," एवढंच मामा म्हणाले. गाडी वळणाआड गेली आणि मी आंब्याखालच्या बाकड्यावर बसून मनसोक्त रडले. अंगात इतका हलकेपणा आला होता की उठवत नव्हतं.

त्या दिवसानंतर मामांनी व्यवसायात लक्ष घातलं, पण एक अट घालून. त्या दिवशी जे काम खरंच करायचं असेल तेच दाखवायचं. कांदा काढायचा असेल तर कांदा, पिकाला पाण्याचं बारं द्यायचं असेल तर बारं. उगाच सोंग नाही. मोट परत माळ्यावर गेली. नवऱ्याला धास्ती होती की अशानं लोक येणार नाहीत. पण लोक येत राहिले, आणि वावरात उतरून चिखलानं माखून जात राहिले. त्यानं पुढं त्याबद्दल कधी वाद घातला नाही.

एकदा उन्हाळ्यात एक गट आला. ऊस कारखान्याला गेलेला, कांदा चाळीत पडलेला, रान तापलेलं. मामा पिंपळाखाली बाजेवर आडवे होते. आलेल्या माणसांनी विचारलं, "आज काय बघायला मिळेल, दादा?"

"आज काम न्हाई," मामा म्हणाले आणि बाजेवर जरा सरकले. "बसा."

ती माणसं बसली. आत्यांनी कैरीचं पन्हं आणलं. थोडा वेळ कुणाला काय करावं ते सुचेना, मग एकानं बूट काढले, एकानं गाडीतली सतरंजी आणून अंथरली. दुपार उतरेपर्यंत त्या गटातली निम्मी माणसं पिंपळाखाली गाढ झोपली होती, आणि मामा जागे राहून त्यांच्यावरच्या माशा उपरण्यानं हाकलत होते.