भेटीचा दिवस नव्हता

"हात नको लावू तिले. मिरचीचे हात आहेत तुये."

वसतिगृहाच्या अधीक्षिका माझ्या मायला म्हणाल्या. सगळ्या मुलींसमोर.

मी दुसरीत होते. धान कापून झालं की केशोरीकडची आमची माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. मायबाप मला वसतिगृहात ठेवून गेले होते. तीन महिने झाले होते. माय मधेच एका दिवसासाठी परतली आणि एसटीतून उतरून थेट माझ्याकडे आली. बोटं सुजलेली. चेहरा उन्हानं काळाठिक्कर.

"पोरीले पाहून जातो जी. उद्या परत तोडणीले जाचं हाये."

"आज भेटीचा दिवस नाही. काऊन आलीस?" मग बाई माझ्याकडे वळल्या. "काय वं, ही तुई माय होय का? होय म्हणशील तर बोऱ्याबिस्तर उचल अन् जा हिच्यासंग."

मुली फिदीफिदी हसल्या. मला भीती वाटली. आणि लाजही. मायचीच लाज. मी मान हलवली. नाही.

मायनं पदरातली बोरं ओट्यावर ठेवली आणि गेली.

आज मी नर्स आहे. माय माझ्याकडेच कुडव्याला राहते. पण माझ्या खोलीच्या दारात थांबून अजून विचारते, "येऊ का आत?" त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. ती बाजारात गेली आणि जरा उशीर झाला, की मी फाटकापर्यंत चकरा मारते. आली की मी तिच्यावरच खेकसते. तिच्याजवळ बसावंसं वाटतं. बसता येत नाही.

मागच्या महिन्यात वसतिगृहानं माझा सत्कार ठेवला. त्याच बाई, आता निवृत्त, मंचावर पाहुण्या. माइक माझ्या हातात देत म्हणाल्या, "सांग पोरींना, घरापासून दूर राहिलीस म्हणून घडलीस. आठ दिवस रडतात, मग विसरतात."

समोर मिरचीवाल्यांच्याच पोरी बसल्या होत्या. कोणी हसत नव्हतं.

मी म्हटलं, "मी विसरले नाही, बाई. माझी माय माझी नाही, असं तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलं. आठ वर्षांच्या पोरीकडून."

बाईंनी माइक मागितला. मी दिला नाही. सगळं सांगितलं. बोरांपर्यंत. शाल खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या वरच्या ऑफिसात अर्ज दिला. मायबाप येतील त्या दिवशी भेट झाली पाहिजे. साहेब म्हणाले, बघू. ते बघेपर्यंत मी दर सोमवारी त्यांच्यासमोर जाऊन बसते.

बाईंना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.