खालच्या आठ ओळी

आमच्या पेपरच्या कचेरीत त्याला सगळे कात्री म्हणत. केवढीही लांबलचक बातमी द्या, तो ती जागेत बसवून दाखवी. मी शेजारी बसून संगणकावर पानं लावायचो. आयत्या वेळी जाहिरात आली की मी ओरडायचो, "आठ ओळी जास्त होतायत!" मग तो बातमी खालून कापायचा. महत्त्वाचं वर, उरलंसुरलं खाली, ही आमची जुनी रीत.

साथीच्या दुसऱ्या महिन्यात एका गोळीची बातमी आली. गोळी घेणाऱ्यांना आजार झाला नाही, असं वर होतं. शेवटी गोळीची चाचणी घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "फक्त चाळीस माणसांवर पाहिलंय. हे गोळीमुळेच झालं, असं आज सांगता येणार नाही." पान छपाईला जायला दहा मिनिटं उरली असताना जाहिरात आली आणि मी ओरडलो. त्या ओळी गेल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कात्रीच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. लेक परगावी बाळंत झालेली, नातू अजून पाहिला नव्हता.

"काय रे, ती गोळी आणलीय मी. जाऊ का आता लेकीकडे?"

"जा की, ताई."

"नक्की ना? तुमचा काय नेम! आज छापाल, उद्या कानांवर हात ठेवाल."

"अगं, मीच बघितलीय ती बातमी. बिनघोर जा."

ताई खच्चून भरलेल्या गाडीतून गेली. चार दिवस नातवाला मांडीवर घेतलं, पाचव्या दिवशी ताप चढला. ती परत आली नाही. बाळ-बाळंतीण वाचली, एवढंच.

पुढे ती गोळी निरुपयोगी ठरली. संपादकांनी मथळा दिला, 'तज्ज्ञांचं घूमजाव'.

कधी ब्र न काढणारा कात्री उभा राहिला. "घूमजाव कसलं, साहेब? बाई पहिल्यापासून तेच सांगत होत्या. आपण छापलं नाही."

"जागा नव्हती रे."

"जाहिरातीला होती."

मथळा तोच राहिला.

तो निवृत्त झाल्यावर मी अधूनमधून त्याच्याकडे जायचो. एकदा चहा ओतता ओतता त्याने विचारलं, "खरं सांग, त्या ओळी तू वाचल्या होत्यास?"

"छे रे. मी फक्त ओळी मोजायचो."

"मग मी एकट्यानेच वाचल्या," तो म्हणाला आणि कप माझ्यापुढे सरकवला.

गेल्या महिन्यात तो गेला. मी वाचल्या होत्या. जाहिरात दोन बोटं आखूड करता आली असती, हेही मला तेव्हाच दिसलं होतं.